लांब दोऱ्यापर्यंत

अन्वी आणि रोहन,

आपलं फोनवरचं बोलणं हवा, जेवण आणि माझे गुडघे यांच्यापुढं जात नाही. म्हणून हे लिहून पाठवते आहे. हे सांगताना मध्येच कुणी "आवाज येतोय का" असं विचारायला नको आहे.

अन्वी, सैन्याला लागणाऱ्या साहित्याच्या चाचणी विभागात तुला नोकरी लागल्याचं तू मागच्या आठवड्यात सांगितलंस. तिथं नेमकं काय करायचं असतं, असं मी विचारलं. तू म्हणालीस, "आजी, वस्तू कधी मोडते ते बघायचं. काम कंटाळवाणं आहे, पण करिअर चांगलं होतं." त्यावर मी गप्प राहिले, तेव्हा फोन तुटलेला नव्हता. हेच काम चौतीस वर्षं केलेली एक बाई माझ्या शेजारी राहत होती. ती या उन्हाळ्यात वारली. तू कामावर रुजू होण्याआधी ती तुला माहीत असावी, एवढ्यासाठी आत्ताच लिहिते आहे. रोहन, तुला अर्धं वाचून ठेवून द्यायची सवय आहे. हे शेवटपर्यंत वाच.

तिचं नाव महादेवी. जळकोटात सगळे तिला अक्का म्हणत. घरात कानडी बोलणारं लिंगायत कुटुंब. वडिलांचं हमरस्त्याला लागून दोरांचं दुकान होतं. कासरे, नाडे, चऱ्हाटं, बैलांच्या वेसणी. गिऱ्हाइकाला दोराची बळकटी दाखवायचं काम लहानपणी तिच्याकडं असे. दोराचं एक टोक तिच्या हातात, दुसरं गिऱ्हाइकाच्या. "गिऱ्हाइकानं ओढलं आन मी तोंडावर पडले, की दोर खपला," असं ती सांगायची. तिच्या हनुवटीवर त्या काळातली एक खूण होती.

सोलापुरात विज्ञान शिकून, परीक्षा देऊन ती सैन्याचं साहित्य तपासणाऱ्या एका सरकारी प्रयोगशाळेत लागली. पहिलं वर्ष तिला टंकलेखनाला बसवलं. यंत्रांच्या शेडमध्ये बाईचं काम नाही, पदर अडकेल, असं तिला सांगण्यात आलं. दुसऱ्या दिवशी ती पदर खोचून, वेणीचा अंबाडा घालून, हातातल्या बांगड्या घरी ठेवून शेडच्या दारात उभी राहिली आणि म्हणाली, "आता काय अडकंल ते सांगा." तिला आत घेतलं गेलं. पट्टे, दोर, जाळ्या, तंबूचं कापड हे तिचं क्षेत्र झालं. पुढं अहवालावर सही करण्याचा अधिकार तिला मिळाला, त्या दिवशी तिनं कुंथलगिरीचे पेढे मागवून सगळ्या शेडला वाटले. पेढ्याच्या रिकाम्या खोक्यात ती शेवटपर्यंत आपली मोजपट्टी आणि पेन्सिली ठेवायची. लग्न तिनं केलं नाही. का, ते मी विचारलं नाही, तिनं सांगितलं नाही.

निवृत्त होऊन ती गावी आली तेव्हा मीही मुख्याध्यापिकेच्या खुर्चीवरून उठलेली होते. तिची आणि माझी भिंत एकच. मी इंग्रजी शिकवत असल्यामुळं ती मला पहिल्या दिवसापासून 'बाई' म्हणाली.

खुर्चीवर बसण्याआधी ती खुर्चीची पाठ हलवून बघायची. पिशवी उचलण्याआधी तिचे बंद ओढायची, एकदा हळू आणि एकदा जोरात, आणि ओढताना तोंडातल्या तोंडात कानडीत मोजायची, ओंदु, एरडु, मूरु. दुकानदार म्हणाला, "अक्का, लई मजबूत हाय," की तिचा एकच प्रश्न असे, "किती?" त्याचं उत्तर जळकोटातल्या एकाही दुकानदाराला कधी देता आलं नाही. आणि लिहिलेलं खोडायचं झालं तर ती एकच रेघ मारायची, बाजूला सही करायची. लोणच्याच्या बरणीवरच्या चिठ्ठीवरसुद्धा. "चूक झाकायची न्हाय, बाई. खालचं वाचता आलं पायजे," ती म्हणे. शाळेत मी मुलांना खाडाखोड नको म्हणून आयुष्यभर ओरडले होते. मला तिची पद्धत अव्यवस्थित वाटायची.

ती आली त्या वर्षीची पंचमी मला आठवते. शाळेमागच्या लिंबाला झोका बांधतात. नवा दोर आणला होता, पोरी बांगड्या भरून तयार होत्या. अक्का आली आणि म्हणाली, "थांबा गं." तिनं मातीनं भरलेली दोन पोती त्या दोराला टांगायला लावली. मग आणखी दोन. तासभर पोरी ताटकळत बसल्या. शेवंतामावशी म्हणून एक म्हातारी होती, तिची जीभ तिखट. ती म्हणाली, "अक्का, पोरी बसायच्यात. हत्ती न्हाय बसायचा."

"हत्ती बसला तर काय व्हतंय ते कळंल तरी, मावशी."

दोर तुटला नाही. पोरी उठल्या. तेवढ्यात अक्कानं विळा मागितला, पोती खाली घेतली, त्या दोराचे तीन तुकडे केले आणि बाजूला टाकले. मग त्याच गुंडाळीतला दुसरा दोर काढून बांधायला लावला.

"अगं माझे बाई," शेवंतामावशी म्हणाली, "चांगला निघाला त्योच तोडलास? आन बिनतपासलेला बांधलास?"

"एवढं ओझं सोसलेला दोर माणसाला द्यायचा नसतो. आतून कुठं पिचला आसंल, डोळ्याला दिसत न्हाय. ह्यो त्याचा भाऊ हाय, एकाच गुंडाळीतला. त्यो टिकला म्हंजी ह्यो टिकंल."

"आन न्हाय टिकला तर?"

 दिवसभर अक्का त्या झाडाखाली उभी राहिली, वरच्या गाठीवर नजर ठेवून. पाणीसुद्धा उभ्यानं प्यायली. गाव कितीतरी दिवस त्यावर हसलं. मीही हसले.

त्या हिवाळ्यात, एका सकाळी दहाच्या सुमारास ती एक फाईल घेऊन माझ्याकडं आली. "बाई, एवढं इंग्रजी बघा. लई कडक झालंय का." ते तिच्या जुन्या कार्यालयाला लिहिलेलं पत्र होतं. दुसऱ्याच ओळीत लिहिलं होतं, मी चुकीचं मोजलं आणि त्यामुळं एक माणूस मेला. मी चष्मा काढून ठेवला. ती समोरच्या खुर्चीची पाठ हलवून बसली आणि तिनं मला सांगितलं.

बर्फातल्या चौकीवर चढताना जवान कमरेला जो सुरक्षा पट्टा बांधतात, तो तिच्याकडं तपासायला येई. एका वेळी बनलेल्या मालाला ते लॉट म्हणत. लॉटमधले दहा पट्टे काढायचे, एकेक यंत्राच्या दोन जबड्यांत धरायचा आणि तुटेपर्यंत ओढायचा. ठरलेल्या ओझ्याच्या आत एक जरी तुटला, तरी अख्खा लॉट परत. मात्र पट्टा जबड्याला अगदी लागून तुटला, तर दोष जबड्याच्या दातांचा, पट्ट्याचा नाही. तो धरायचा नाही, त्याच्या जागी दुसरा घ्यायचा. लागून म्हणजे किती, तेही ठरलेलं. मोजपट्टीवर तशी खूण असे; खुणेच्या आत तुटला तर दोष जबड्याचा, बाहेर तुटला तर पट्ट्याचा.

"पण बाई, तुटलेली कड काय कात्रीनं कापल्यावानी नसती. दोरे लांब-आखूड येतेत. कुठल्या दोऱ्यापर्यंत मोजायचं, हे कुठल्या कागदावर लिवलेलं न्हाय. मी लांब दोऱ्यापर्यंत मोजायचे. पोरांना तेच शिकवलं. शंका आली तर ती पट्ट्यावर घ्यायची, माणसावर न्हाय."

तिच्या निवृत्तीला तीन वर्षं राहिली असताना, एका लॉटचा आठवा पट्टा ठरलेल्या ओझ्याआधीच तुटला. जबड्याजवळ. आखूड दोरे खुणेच्या आत होते, लांब दोरे खुणेच्या बाहेर. अंगणात गाडी उभी होती. बर्फ पडून वाटा बंद व्हायच्या आत माल वर पोचायचा होता. तिनं आखूड दोऱ्यापर्यंत मोजलं, 'जबड्यात तुटला' असं लिहिलं आणि दुसरा पट्टा लावला. तो टिकला. पुढचे दोनही टिकले. लॉट पास झाला.

"कुणी दबाव आणला होता का?" मी विचारलं.

"आणला असता तर बरं झालं असतं, बाई. त्याचं नाव तरी घेता आलं असतं. साहेब तवा जेवायला गेले हुते. शेडमधी मी एकलीच."

"मग नजरचूक झाली."

"न्हाय. दिसत हुतं."

पुढं दोन वर्षांनी त्या लॉटमधला पट्टा बांधून चढणारा एक जवान पडला. पट्टा तुटलेला सापडला, पण पडताना खडकाच्या धारेनंही तो तुटला असू शकतो. चौकशी झाली आणि तिचा कागद मागवला गेला. कागद स्वच्छ होता. पट्टा चांगला होता, म्हणजे माणसाचाच पाय घसरला, त्यानं नीट बांधला नसेल. "माझ्या कागदानं पट्टा निर्दोष सुटला," अक्का म्हणाली. "मग उरला कोण? त्यो माणूस."

जबड्यात तुटलेल्या प्रत्येक पट्ट्याचा तुकडा ती पाकिटात घालून कागदाला जोडून ठेवत असे. निवृत्त होताना जुनी पाकिटं फेकून द्यायला काढली होती. त्यातलं हे एक तिनं घरी आणलं. जळकोटात आल्यावर तिनं ते पुन्हा मोजलं. किती वेळा मोजलं, ते तिनं सांगितलं नाही.

मी म्हणाले, "पण अक्का, खरंच खडकानं तुटला असेल तर?"

"आसंल की. मी कुठं न्हाय म्हणते? पण लॉट परत पाठवला असता तर त्यो पट्टा तिथं नसताच."

त्या पत्राचं मी जे केलं, तेही तुम्हाला सांगायला हवं. मला वाटलं, या वयात, पेन्शनीत, स्वतःच्या हातानं असं कुणी लिहून देतं का? मी तिचं वाक्य बदललं. मोजमापात काही त्रुटी राहिली असण्याची शक्यता नाकारता येत नाही, अशा अर्थाचं सुबक इंग्रजी वाक्य लिहिलं. तिनं ते दोनदा वाचलं. मग माझ्या वाक्यावर एकच रेघ मारली आणि बाजूला सही केली.

"बाई, इंग्रजी चांगलंय. पण ह्यात मोजणारं कुणी दिसतच न्हाय."

पत्र तिच्या शब्दांत गेलं. चौकशीच्या नोंदीला माझा जबाब जोडा, एवढीच तिची मागणी होती. दीड महिन्यानं उत्तर आलं. आपल्या भावनांची कदर आहे, प्रकरण बंद झालं आहे, कागदपत्रं नियमानुसार आहेत. दुसऱ्या पत्राला उत्तर आलं नाही. त्याऐवजी एका रविवारी तिच्या हाताखाली शिकलेला एक अधिकारी गाडी करून आला. भला माणूस होता, तिच्या पाया पडला. मीच चहा केला.

"मॅडम," तो म्हणाला, "नियमात कुठंही तुमची चूक नाही. लांब दोऱ्यापर्यंत मोजा, असं नियम म्हणत नाही."

"तुला काय शिकवलं हुतं मी?"

त्यानं कप खाली ठेवला. "तुमच्या एका दोऱ्यामुळं आम्हा सगळ्यांच्या सह्या संशयात येतील, मॅडम. लोक आत्ताच म्हणतात, निवृत्तीनंतर मॅडमचं मन जरा..." 

"चहा घे. निवला," अक्का म्हणाली.

तो गेल्यावर तिनं फाईल बंद केली. "कार्यालय न्हाय तर घर," ती म्हणाली. मरण पावलेला जवान आपल्याच जिल्ह्यातला होता, येरमाळ्याचा. चौकशीच्या कागदावर पत्ता होता. त्या ओळीवर तिनं कसलीही खूण केली नव्हती, पण कागद नेमका तिथं घडी पडून फाटायला आला होता.

आम्ही दोघी एसटीनं गेलो. तुळजापूरला आणि धाराशिवला गाडी बदलली. वाटेत बसच्या वरच्या दांडीचा पट्टा तिनं सवयीनं ओढून बघितला आणि लगेच हात खाली घेतला. घर हमरस्त्यापासून आत होतं. त्या जवानाची आई, गयाबाई, अंगणात शेंगा फोडत बसली होती. आम्ही गावच्या देवीच्या दर्शनाला आलेल्या बाया आहोत, असं तिला वाटलं. तिनं पाणी दिलं. आतल्या भिंतीवर गणवेशातला फोटो दिसत होता, त्याला हार नव्हता.

अक्कानं बसायच्या आधीच सांगितलं. मी मोजणारी बाई आहे, तुमच्या दत्तानं बांधलेल्या पट्ट्याच्या लॉटवर माझी सही आहे. तिनं सगळं सांगितलं, आखूड दोरा, लांब दोरा, कमी न करता. गयाबाईनं शेंगा फोडणं थांबवलं नाही. मधेच तिचा धाकटा मुलगा, तिशीचा असेल, बाहेर येऊन खांबाला टेकून उभा राहिला.

"आता यिऊन काय उपेग?" तो म्हणाला.

"काय न्हाय," अक्का म्हणाली.

"आमाला सांगितलं पाय घसरला. गावात लोक म्हणतेत प्याला आसंल. म्या कितीजणांच्या तोंडाला तोंड देऊ? लिवून द्या."

"तेच आणलंय."

तिनं मराठीत लिहिलेला, सही केलेला कागद पुढं केला. गयाबाईला वाचता येत नव्हतं. तिनं तो माझ्याकडं दिला, "तुमी मास्तरीण दिसता. वाचा." मी आयुष्यभर वर्गात मोठ्यानं वाचत आले. तो अर्ध्या पानाचा मजकूर वाचताना मला दोनदा थांबावं लागलं.

मग गयाबाईनं तो तुकडा मागितला. अक्कानं पाकिटातून काढून दिला. तिनं तो दोन्ही मुठींत धरून ओढला. मूठ पांढरी होईपर्यंत ओढला.

"ह्योच का?"

"ह्यो न्हाय. ह्याचा भाऊ."

"एवढा जाड हाय," गयाबाई म्हणाली. थोड्या वेळानं तिनं विचारलं, "म्हंजी त्यो घसरला न्हाय."

"माझ्या हिशेबानं न्हाय."

"नीट बांधला हुता त्यानं."

"व्हय."

गयाबाई फोटोकडं न बघता बोलली. "लहानपणापासनं धांदरट हुता. चप्पल नीट घालायचा न्हाय. ही बातमी आल्यापासनं म्या रोज त्याला बोलत आले. जेवाय बसले की बोलायचे. एवढं सांगितलं हुतं रं, नीट बांधत जा म्हणून. दोन वर्सं बोलले."

 अक्का उभीच होती. तिनं हात जोडले नाहीत, माफी हा शब्द उच्चारला नाही. मला वाटतं, ती मागण्याचा आपल्याला अधिकार नाही, असं तिनं ठरवलं असावं. गयाबाईनं तुकडा परत दिला. "हे घिऊन जावा. त्याच्या भावाचं मला काय करायचं. कागद राहू द्या." आणि उठता उठता म्हणाली, "साडेतीनची गाडी हाय. पुन्ना येऊ नका."

अक्का त्यानंतर चार वर्षं जगली. ती पुन्हा तिथं गेली नाही. कार्यालयाला मात्र दर वर्षी, पहिलं पत्र गेलं त्याच तारखेला, पत्र लिहायची, तेच पत्र, त्याच शब्दांत. मी नुसतं वाचून परत द्यायचे. गावात तिची विचारपूस कमी झाली होती, कारण तिच्या तोंडून ही गोष्ट कुणीही विचारलं तरी निघे, आणि लोकांना ती ऐकून काय बोलावं कळत नसे. पंचमीचा झोका तपासायला तिला कुणी बोलावलं नाही. ती स्वतःच जाऊन झाडाखाली उभी राहायची.

चैत्रात तिच्या छातीत दुखायला लागलं. सोलापूरला न्यायला अॅम्ब्युलन्स आली. तिला स्ट्रेचरवर घेऊन छातीवरून पट्टा बांधत होते, तेव्हा तिनं डोळे उघडले.

"किती?"

"काय किती, अक्का?" अॅम्ब्युलन्सवाल्यानं विचारलं.

"किती धरतो ह्यो?"

"माणूस धरतो की. रोज नेतो आमी."

तिनं पट्टा मुठीत घेतला आणि ओढला, एकदा हळू, एकदा त्यातल्या त्यात जोरात. ओठ हलले. "चालंल," ती म्हणाली. दार लागलं तेव्हा मूठ पट्ट्यावरच होती. माझ्याकडं तिनं पाहिलं की नाही, मला सांगता येणार नाही.

ती गेल्यावर थोड्या दिवसांनी मी येरमाळ्याला एकटी गेले. मला येऊ नका म्हटलं नव्हतं, अशी मी स्वतःची समजूत घातली. गयाबाईनं ओळखलं. "म्हातारी गेली का," एवढंच विचारलं. फोटोला आता हार आहे. कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून फोटोच्या मागं ठेवलेला आहे. "कुणी काय बोललं की थोरला काढून वाचून दावतो," असं तिनं सांगितलं. तिचा थोरला तर गेला होता. ती धाकट्याबद्दल बोलत होती. तोच आता थोरला झाला आहे.

अन्वी, ही नोकरी घेऊ नकोस, असं मी म्हणत नाही. अक्कानंही म्हटलं नसतं. जे उरलं आहे ते लिहून ठेवते. कार्यालयाच्या नोंदीत अजून पाय घसरून मृत्यू असंच आहे. येरमाळ्याच्या घरात फोटोमागं कागद आहे. पेढ्याचं खोकं माझ्या कपाटात वरच्या खणात आहे, त्यात मोजपट्टी आहे आणि पाकिटात तो तुकडा. काल मी चष्मा लावून, उजेडात बसून मोजला. आखूड दोऱ्यापर्यंत मोजलं तर खुणेच्या आत येतो. लांब दोऱ्यापर्यंत मोजलं तर बाहेर जातो.